चोरओटी

"दार लावून घे," आई म्हणाल्या, तेव्हा मला वाटलं यांना चक्कर येतेय. मे महिन्यात जयपूरला संध्याकाळ झाली म्हणून ऊन जात नाही, ते भिंतींत शिरून बसतं, आणि आमचा आदर्श नगरमधला फ्लॅट सगळ्यात वरचा, त्यामुळे सहा वाजता पलंगावरच्या चादरीलासुद्धा हात लावला तर ती आत्ताच इस्त्री केल्यासारखी लागते. लॅबमधून आलेली मी, चपलासुद्धा न काढता पाण्याची बाटली घेऊन त्यांच्या खोलीत धावले. सासूबाई पाटाशेजारी उभ्या होत्या. ठणठणीत. पाटाभोवती रांगोळीची रेघ, ताटात तांदूळ, नारळ, हळकुंड, सुपारी, खारका, बदाम, आणि एक हिरवा खण. असला खण इथे मिळत नाही, म्हणजे तो सांगलीहून येतानाच बॅगेच्या तळाशी घालून आणलेला. "बस," त्या म्हणाल्या. "ओढणी नीट पसर. साडी असती तर बरं झालं असतं, पण असू दे." मी म्हटलं, "अहो आई, आज काय आहे?" तर म्हणाल्या, "आज काही नाही, म्हणूनच आज. तिसऱ्या महिन्यात भरायची असते, गुपचूप. चोरओटी म्हणतात हिला. यतीनच्या वेळी माझ्या सासूबाईंनी माझी अशीच दार लावून भरली होती. तू काही बोलली नाहीस ते बरंच केलंस, एवढ्यात बोलायचं नसतंच. पण माझ्यापासून काय लपणार आहे?" आणि मी बसले. का बसले, ते मला अजूनही धड सांगता येत नाही. पाट समोर होता, त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता, आणि पाय दुखत होते.

मी गरोदर नव्हते. हे मला अगदी पक्कं माहीत होतं. घरी करायची चाचणी झाली होती, रक्त तपासून झालं होतं, सोनोग्राफीच्या थंडगार जेलीत पोट माखून झालं होतं. फेब्रुवारीपासून माझी पाळी आलेली नव्हती आणि त्याचं कारण मूल हे नव्हतं, एवढं सगळं मशिनांनी मिळून सांगितलं होतं. मग आईंना कसं वाटलं? दिव्यामुळे. सांगलीच्या घरात त्या चार दिवसांत सुनेनं देवापुढे दिवा लावायचा नाही, असं आहे. मी प्राणिशास्त्रात डॉक्टरेट केलेली बाई, लग्नानंतरचं पहिलं वर्ष मी यावर कडाकडा भांडले, मग आमचा तह झाला. बाजूला बसणार नाही, स्वयंपाकघरात जाईन, लोणच्याच्या बरणीला खुशाल हात लावीन, फक्त दिवा लावणार नाही. त्या दिवसांत "आई, आज दिवा तुम्ही लावा" एवढं म्हणायचं, की पुढचं सगळं न बोलता कळतं. एवढ्याशा गोष्टीवर आयुष्यभर कोण डोकं फोडत बसणार! तर आई होळीच्या आधी जयपूरला आल्या आणि तेव्हापासून रोज संध्याकाळी मीच दिवा लावत होते. मार्चमध्ये लावला, एप्रिलमध्ये लावला, खंड म्हणून नाही. मला वाटत होतं, काय मी गुणी सून. मी दिवा लावत गेले आणि त्या मागे सोफ्यावर बसून बघत गेल्या.

नारळ ओटीत पडला तेव्हा त्याचं वजन मांड्यांना जाणवलं. मग तांदूळ, पसापसाने, थंड. त्या उकाड्यात ते तांदूळ इतके थंड कसे होते कोण जाणे, कदाचित त्यांनी फ्रिजमध्ये ठेवले असतील, इथे आल्यापासून त्या पिठापासून हिंगापर्यंत सगळं फ्रिजमध्ये ठेवतात. त्यांनी मला कुंकू लावलं. त्यांचा अंगठा कपाळावर जरा जास्तच वेळ टेकला आणि तो कापत होता. सत्तरीकडे झुकलेल्या या बाईचा हात मी कधी कापताना बघितला नव्हता, भाकरी थापताना तर तो असा चालतो की समोरच्यानं गप्प बसून बघत राहावं. बोल, मी स्वतःला म्हणत होते, आत्ता बोल, पुढच्या क्षणी उशीर होईल. आणि पुढचा क्षण येत होता, जात होता, आणि दर वेळी जरा जास्त उशीर झालेला असायचा. माझे डोळे भरून आले. आईंनी ते बघितलं आणि त्यांना जे वाटायचं ते वाटलं. "वेडी," त्या म्हणाल्या, "रडतेस काय? सगळं नीट होतंय."

डॉक्टर शर्वरी मूळच्या साताऱ्याच्या, इथे महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत ओळख झालेली. त्यांनी माझे कागद पुढेमागे करून बघितले होते आणि मग चष्मा काढून म्हणाल्या होत्या, "प्रणिता, तुझ्यात काही बिघाड नाहीये. ताण आहे. वजन बघ किती उतरलंय तुझं. मेंदूनं खाली निरोप पाठवणं थांबवलंय, की सध्या नको, सध्या बाईचं बाईला पुरत नाहीये. तू झोप, जेव, जरा कमी मनावर घे, येईल परत." मी हसले होते. त्यांना वाटलं मी धीरानं घेतेय. मला हसू आलं ते वेगळ्याच कारणानं. मी पोटासाठी करते काय? फळमाशीच्या माद्या घेते, त्यांना ताण देते, आणि त्यांची अंडी घालणं कसं थांबतं ते बघते. आज इतकी वर्षं. त्यांच्या डोक्यात कुठलं रसायन चढलं, कुठलं उतरलं, याचे आलेख माझ्या भिंतीवर लावलेत. आणि यतीनची बदली झाली, पुण्याची लॅब सुटली, इथल्या प्रोजेक्टची मुदत संपत आली, ती वाढेल की नाही हे कुणी सांगेना, माझी झोप गेली, भूक गेली, तिच्यामागोमाग पाळी गेली, तरी मला माझं माझं ओळखता आलं नाही. फळमाशीचं मी एका नजरेत ओळखलं असतं.

थांबण्याचा काही आवाज होत नाही. मी आठवतं तेवढं आठवून बघितलं. शेवटची कधी आली होती? लॅबमध्ये होते का, घरी होते का, पोट दुखलं होतं का, यतीनवर खेकसले होते का? काही आठवत नाही. ती नेहमीसारखीच आली असणार आणि मी नेहमीसारखीच कटकट करून तिला वाटेला लावलं असणार. शाळेत असताना पहिल्यांदा आली तो दिवस मला फ्रॉकच्या रंगासकट आठवतो, नाशिकचा आमचा वर्ग, खिडकीतलं कडुलिंबाचं झाड, बाईंनी मला बाहेर बोलावून हळू आवाजात काय सांगितलं ते सगळं. येण्याची केवढी नोंद. आणि जाताना कुणी बघितलंसुद्धा नाही, मीसुद्धा नाही. छत्तिसाव्या वर्षी अंगातलं काहीतरी उठून निघून जातं आणि आपण भाजी चिरत असतो. ती परत येईल असं डॉक्टर म्हणतात. आणि नाही आली तर? हे मी यतीनलासुद्धा विचारलं नव्हतं. आंघोळीच्या वेळी नळ सोडला की त्या आवाजात मी ते स्वतःला विचारत असे.

यतीन कोट्याला ऑडिटला गेलेला. त्याला फोनवर ओटीचं सांगितलं. तो म्हणाला, "मतलब, तू बसलीस?" इथे आल्यापासून त्याचं हे मतलब सुरू झालंय. मी म्हटलं, "हो, बसले." "अगं पण का? सांगून टाकायचं ना!" "तू सांग. आई तुझी आहे." "फोनवर सांगू?" "मग येऊन सांग." तर म्हणे, सोमवारी येतो, मग बघू. पण सोमवारी आई सांगलीला बाबांना फोन करणार होत्या. तो दिवस चांगला आहे, त्यांनी कॅलेंडर बघून ठेवलं होतं. एकदा बाबांना कळलं की आत्यांना, आत्यांना कळलं की साऱ्या सांगलीला, आणि मग महिन्याभरानं त्या सगळ्यांना उलटं कळवायचं. काय कळवायचं? गेलं म्हणायचं? जे आलंच नव्हतं ते गेलं असं सांगणारी बाई मला व्हायचं नव्हतं. आणि खरं सांगितलं तर आईंचं काय होईल, ते त्यांच्या कापणाऱ्या अंगठ्यानं मला आधीच सांगून ठेवलं होतं. सोमवारच्या आत मला बोलायला हवं होतं, आणि माझं तोंड उघडत नव्हतं.

त्यातून त्यांचे लाड सुरू झाले. पाण्याची बादली उचलू द्यायच्या नाहीत. गच्चीवर वाळत घातलेले कपडे आणायला मी निघाले की आधी स्वतःच चढून जायच्या, गुडघे दुखत असून. दूध, खीर, मऊ भात, त्यावर तुपाची धार. शेजारच्या भार्गव आंटींनी "बहूजी बहुत दुबली हो गई हैं" म्हटलं तर आई गालात हसल्या आणि म्हणाल्या, "हो जाएगी ठीक, अभी देखना." मी खात होते. निमूटपणे ताट पुसून खात होते. आणि खरं सांगू? मला ते आवडत होतं. गेल्या कित्येक महिन्यांत मला कुणी बस म्हणालं नव्हतं. लॅबमध्ये म्हणायचं, डेटा द्या. वरचे म्हणायचे, धीर धरा. यतीन म्हणायचा, होईल गं. दुपारचं ऊन असताना दारं-पडदे लावून खोली अंधारी करून "जरा आडवी हो" असं हक्कानं सांगणारं कुणी नव्हतं. मी आडवी व्हायचे, आई पायाशी बसून मेथी निवडायच्या, आणि त्या काड्यांचा कटकट आवाज ऐकत मला झोप लागायची. उठल्यावर आठवायचं की ही झोप माझी नाही, ती नसलेल्या मुलाच्या नावावर घेतलीये.

शुक्रवारी मी लॅबमध्ये गेले तेव्हा प्रयोगाच्या माद्या बाहेर काढायच्या होत्या. आमच्याकडे एक पेटी आहे, माणसाला ताप चढतो तेवढी उष्ण. त्यात माद्यांना ठेवायचं, मग काढून गार जागी आणायचं, आणि रोज सकाळी बघायचं की अंडी किती. तापलेल्या माद्या अंडी घालत नाहीत. आलेखात तिथे एक खड्डा पडतो, त्याला मी पीएचडीपासून "प्रजननक्षमतेतील घट" असं नाव दिलेलं. ते नाव मी किती वेळा लिहिलं असेन! त्या दिवशी एक मादी भिंगाखाली घेतली आणि बघतच राहिले. तिचं पोट भरलेलं होतं. पातळ कातडीतून आत तयार अंडी दिसत होती, एकाला एक चिकटून, वाट बघत. हे काही मला नवीन नव्हतं, मी अशा पोटांचे शेकडो फोटो काढलेत. पण मी त्यांना कायम घट म्हणून बघितलं होतं, आणि इथे तर काहीच घटलेलं नव्हतं. तिनं धरून ठेवलं होतं. बाहेर आग लागलेली असताना हे चिलट, ज्याला आपण केळ्यावरून हातानं उडवतो, ते आपलं सगळं पोटात घट्ट धरून बसलं होतं.

तिच्या डोक्याच्या मागे, मानेपाशी, एक ग्रंथी असते. किती लहान म्हणून सांगू, रव्याचा कण तिच्यापुढे धोंडा. त्यातून एक हॉर्मोन येतं. मजा बघा, ती अळी असते तेव्हा हेच हॉर्मोन तिला मोठं होऊ देत नाही, थांब म्हणतं, अजून खा, अजून खेळ. मग ते ओसरतं आणि ती मोठी होते. आणि मोठी झाल्यावर तेच परत येतं आणि तिच्या अंड्यांमध्ये बलक भरायला लागतं. जे लहानपण राखत होतं तेच आईपण द्यायला लागतं, त्याच थेंबानं. ऊन वाढलं की आधी घाबरण्याची रसायनं धावतात, आपल्या छातीत धडधडतं तशी, मग या हॉर्मोनचं आणि त्याच्या जोडीच्या दुसऱ्याचं गणित बदलतं, आणि सगळीकडे निरोप जातो. जी अंडी अर्धी झालीत त्यांतली काही ती परत आपल्या अंगात जिरवून टाकते, वाया घालवत नाही. जी पुरी झालीत ती धरते. तिला यातलं काही कळत नाही, ती ठरवत नाही, कुणी शिकवलेलं नाही. आणि आमच्याकडे एक दुसरा वाण आहे, त्या माद्यांमध्ये हे गणित बिघडलेलं आहे. त्या थांबत नाहीत. तापलेल्या पेटीतसुद्धा घालत राहतात. त्या जास्त मरतात, आणि वाचतात त्यांना पुन्हा पहिल्यासारखं जमत नाही. थांबणाऱ्यांना जमतं. हे माझेच आकडे होते. मीच काढलेले, मीच छापलेले, आणि मला त्यांतून आजवर एवढंसुद्धा दिसलं नव्हतं. मी खुर्चीत मागे टेकले आणि पहिल्यांदाच पोटावर हात ठेवला, आणि मला माझ्या शरीराचा राग आला नाही. उलट जरा संकोच वाटला, आपल्या घरात कुणी मोठं माणूस राहतंय आणि आपण त्याला इतके दिवस उलटून बोलत होतो असं कळल्यावर वाटतो तसा.

पण संकोच वाटला म्हणून पाळी येत नाही आणि आईंना सांगितलंही जात नाही. शनिवार तसाच गेला. रविवारी मला माश्यांचं खाणं बदलायला जायचं होतं, तर आई पदर खोचून तयार. "अशा उन्हात तू एकटी रिक्षानं जाणार? मी येते." मी म्हटलं, तिथे बसायला धड जागा नाही, वास येतो. "मी काय तुझ्या घरी आलेली पाहुणी आहे?" रिक्षात त्यांनी मला आतल्या बाजूला बसवलं आणि स्वतः उन्हाच्या बाजूनं बसल्या, पदर डोक्यावरून घेऊन. खड्डा आला की "भैया, धीरे, धीरे." मोती डूंगरीचा गणपती आला तेव्हा रिक्षा थांबवायला लावली. उतरू नकोस म्हणाल्या, पायऱ्या आहेत, मी इथूनच सांगते त्याला. रस्त्याच्या कडेनं त्यांनी हात जोडले आणि डोळे मिटून काहीतरी पुटपुटल्या, आणि मला त्यातलं एकच ऐकू आलं, माझं नाव. गणपतीला माझा पत्ता चुकीचा दिला जात होता आणि मी शेजारी बसून ऐकत होते. रिक्षावाला म्हणाला, "माताजी, सब अच्छा होगा." तिलक नगरच्या झाडांखालून रिक्षा गेली तेवढा वेळ जरा गार वाटलं. आज, मी ठरवलं. आज सांगायचं, तिथेच, चार भिंतींत.

लॅबमध्ये शिरल्याबरोबर आईंनी नाक वर केलं. "इथे काय शिरा करता काय?" मला हसू फुटलं. गूळ, मक्याचं पीठ, यीस्ट, सगळं शिजवून बाटल्यांमध्ये ओततो आम्ही, माश्यांना तेच लागतं, मी सांगितलं. त्यांनी बाटल्यांच्या रांगा बघितल्या, कापसाची बुचं बघितली. "चिलटांना गुळाचं जेवण," त्या म्हणाल्या, "आणि मी घरी केळी झाकून ठेवते." मी त्यांना स्टुलावर बसवलं, शुक्रवारी बाहेर काढलेल्या माद्यांची बशी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, दोन्ही भिंगं त्यांच्या डोळ्यांना जुळवून दिली. आधी त्यांना नुसत्याच स्वतःच्या पापण्या दिसल्या. मग त्या एकदम गप्प झाल्या. माणसं पहिल्यांदा बघतात तेव्हा अशीच गप्प होतात, मला ते बघायला फार आवडतं. "अगं बाई," त्या म्हणाल्या. "डोळे बघ हिचे. लालभडक. आणि पंखांवर रंग आहेत गं. किती नीट केलंय सगळं." मी टेबलाच्या कडेला हात टेकून उभी राहिले. "पोट बघा," मी म्हटलं. "फुगलेलं दिसतंय?" "दिसतंय." "आत अंडी आहेत. ही दिवसभर तापलेल्या पेटीत होती. तेव्हा हिनं घालणं थांबवलं." "कुणी सांगितलं थांबायला?" "कुणीच नाही. तिच्या अंगानं आपोआप केलं. ताण आला की तिच्यातलं औषधपाणी बदलतं, आणि अंग म्हणतं, आत्ता नको." "मग आता?" "आता गार जागी आहे. बहुतेक घालेल." आई भिंगातून डोळे न काढता म्हणाल्या, "आणि नाही घातली तर?" तो माझा प्रश्न होता, नळाच्या आवाजातला, आणि तो त्यांनी सहज विचारला, एका चिलटाबद्दल.

"आई, मी गरोदर नाहीये," मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला. एकदा तोंड उघडल्यावर मग थांबता येईना. "फेब्रुवारीपासून पाळीच नाही. डॉक्टर म्हणतात ताणानं. मी ओटी घेतली तेव्हाही मला माहीत होतं. मला सांगायचं होतं, तुमचा हात कापत होता, मला नाही सांगता आलं. दिवा मी लावत राहिले ते तुम्हाला फसवायला नाही हो, मला लावायला हरकतच नव्हती, म्हणून लावत राहिले." आईंनी मान वर केली नाही. त्यांच्या मानेवर घामाचा एक थेंब होता, तो खाली पदरात जाईपर्यंत मी बघत राहिले. मग त्या भिंगातच बघत म्हणाल्या, "यतीनला माहीत आहे?" "हो." "म्हणजे मीच राहिले होते." मला वाटलं जमीन फाटावी. मी म्हटलं, "आई, तुम्ही किती खूश होतात." "खूश?" त्या म्हणाल्या. "भ्यालेले होते मी. तुझे गाल बघ कसे आत गेलेत. रात्री तू पलंगावर उठून बसलेली असतेस ते मला दिसतं. मला वाटलं, हिला कुणाला काही सांगता येत नाहीये, निदान ओटीत नारळ घातला की ही बोलेल. तर तू आपली बसलीस, घेतलीस ओटी, आणि परत गप्प."

"उद्याचा फोन राहू दे मग," त्या म्हणाल्या, आणि मी काही म्हणणार तोच त्यांनी डावा हात वर करून मला गप्प केलं. "थांब. हलू नकोस. ही काहीतरी करतेय." मी श्वास रोखला. "चालायची थांबली. पोट वाकवलं तिनं. टेकवलं खाली. जोर करतेय गं, बिचारी." तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी हे कधीच बघितलेलं नाही. इतकी वर्षं मी अंडी मोजली, सकाळी येऊन, घातलेली, तयार. घालताना एकही मादी मी बघितली नव्हती, तेवढा वेळ कुणाला असतो! "मला बघू द्या ना," मी म्हटलं. "थांब म्हटलं ना," आई म्हणाल्या, त्यांनी जागा सोडली नाही. "आलं. पांढरं. तांदळाच्या कणीसारखं. त्याला दोन बारीक शिंगं आहेत, दिसतायत मला, असतात का शिंगं?" "असतात," मी म्हटलं, "त्यातून आतल्याला श्वास घेता येतो." "आलं की गं," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज फाटला, "प्रणिता, आलं." आणि मी रडायला लागले. हुंदके देऊन, मोठ्यानं, नाक गळेपर्यंत, इतक्या महिन्यांचं सगळं एकदम. टेबल धरून मी गदगदा हलत होते. आईंचे डोळे अजून भिंगालाच लागलेले, गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते त्या पुसत नव्हत्या. "रड तू," त्या म्हणाल्या, "पोटभर रड. पण टेबलाला टेकून नको, तिला हादरे बसतायत. अजून एक येतंय." मी टेबलावरचे हात काढले आणि त्यांच्या खांद्यांवर ठेवले.